कणसे मॅडमची उरलेली सुधारणा

चौदा फेब्रुवारी २०३९ रोजी सायंकाळी पाच वाजून एकावन्न मिनिटांनी, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धेत, एकोणसाठ वर्षांच्या जयश्री कणसे मॅडमनी बास्केट केला आणि ढवळवाडीचं श्रमविद्या महाविद्यालय दहा-नऊ असं जिंकलं.

विद्यापीठाचं म्हणणं आहे की असं काही झालेलं नाही. विद्यापीठ मोठं आहे, त्याला इमारती आहेत, तेव्हा आपणही तसंच धरून चालू. असं काही झालेलं नाही. मॅडम त्या संध्याकाळी घरी होत्या आणि मेथी निवडत होत्या.

जे नक्की झालं ते डिसेंबरात झालं, आणि ते ईश्वरी खरमाटेला झालं.

ईश्वरी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला होती. उंची पाच फूट तीन इंच. बास्केटबॉल खेळायला ही उंची कमी आहे असं सगळे म्हणायचे, पण ते तिच्याविरुद्ध खेळायच्या आधी. पहिल्या वर्षी ती राखीव खेळाडू होती आणि वर्षभर तिने पाण्याच्या बाटल्या राखल्या. दुसऱ्या वर्षी ऐन स्पर्धेत तिला टायफॉइड झाला. म्हणजे तिसरं वर्ष हेच तिचं पहिलं वर्ष होतं, आणि शेवटचंही. कणसे मॅडम एकतीस मेला निवृत्त होणार होत्या. टायफॉइडमध्ये तिला बघायला आल्या तेव्हा मॅडम खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी खेळू गं. तुझंही शेवटचं, माझंही शेवटचं. दोघी बरोबरच मैदान सोडू." तापात ऐकलेलं बाकी सगळं ती विसरली. हे राहिलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाची पांढरी गाडी कॉलेजच्या फाटकातून आत आली. गाडीत एक यंत्र होतं आणि यंत्राबरोबर पांढरे नावाचा तंत्रज्ञ होता. पांढरेचा आवाज बसस्थानकावरच्या घोषणेसारखा होता. आनंद आणि दुःख तो एकाच पट्टीत सांगायचा. यंत्र म्हणजे एक टोपी होती. दिसायला पालथ्या घातलेल्या इडलीपात्रासारखी, मागे वायरींचा शेपटा.

आपण चेंडू फेकतो तेव्हा तो हातातून सुटतानाच मेंदूने निकाल लावलेला असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. तो म्हणतो, जाणार. चेंडू गेला नाही की लहान मेंदू दचकतो, आणि त्या दचकण्यातून माणूस शिकतो. पुढच्या वेळी हात केसभर वेगळा जातो. जितका दचका मोठा, तितकं शिकायला जास्त. मेंदूतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती अगदी इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि टोपीतल्या संवेदकांना ते कळायचं. खेळाडूने शंभर वेळा चेंडू फेकायचा. ती किती दचकली आणि दचकून किती बदलली याचा यंत्र आलेख काढायचं. आलेख पुढे वाढवत नेला की कुठेतरी सपाट होतो. तिथपर्यंत जेवढा पल्ला राहिला तेवढी त्या खेळाडूची 'उरलेली सुधारणा', टक्क्यांत.

शोध चांगला होता. विद्यापीठाने त्याचं परिपत्रक केलं. यापुढे संघाची निवड उरलेल्या सुधारणेवर होईल. जिच्यात वाढायला जागा आहे तिच्यावरच मेहनत घेतली जाईल. दहा टक्क्यांच्या खाली असलेल्या खेळाडूंनी मैदान मोकळं करावं. याच परिपत्रकाच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की वय हे सुधारणेचं ओबडधोबड माप असल्याने वयाची अट रद्द करण्यात येत आहे. हे कलम कोणी वाचलं नाही. वाचावं अशी इच्छा असती तर ते एवढ्या बारीक अक्षरांत छापलं नसतं.

ईश्वरीने टोपी घातली आणि शंभर चेंडू फेकले. एक्क्याण्णव आत गेले. मैदानाच्या कडेला बसलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. पांढरे पडद्याकडे बघत राहिला.

"तुम्ही दचकतच नाही," तो म्हणाला.

"नऊ हुकले की."

"हुकले. पण ते हुकणार हे तुम्हाला हात सोडतानाच माहीत होतं. तुमच्या लहान मेंदूने सही करून पाठवलेत ते."

"मग किती आलं?"

"शून्य."

"शून्य पॉइंट काही तरी असेल ना?"

पांढरेने प्रामाणिकपणे पुन्हा बघितलं. "पॉइंटच्या पुढेही शून्यच आहे. चार घरं."

तिच्या पाठोपाठ निलोफर मुजावर गेली. निलोफर तिची अकरावीपासूनची मैत्रीण. तिचे शंभरात अडतीस गेले आणि आकडा आला सदतीस. तिला एवढं कौतुक आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि ते कुठे ठेवावं ते तिला कळेना.

शेवटी पांढरे म्हणाला, "तुलनेसाठी एक माणूस लागतं. खेळाडू नसलेलं. मॅडम, तुम्ही?"

"मी नको," कणसे मॅडम म्हणाल्या. "मला नाही येत."

मुली हसल्या. अठ्ठावीस वर्षं बास्केटबॉल शिकवणारी बाई असं म्हणते म्हणजे विनय, असं त्यांना वाटलं. मॅडमनी शिट्टी गळ्यातून काढली, ओढणी कमरेला खोचली, टोपी घातली आणि शंभर चेंडू फेकले. चार गेले. मुलींचं हसू साधारण तिसाव्या चेंडूला थांबलं. मॅडम प्रत्येक हुकण्याला दचकत होत्या. आणि ते चार आत गेले तेव्हा त्याहून जास्त दचकल्या.

"एकसष्ट," पांढरे बसस्थानकाच्या आवाजात म्हणाला. "जिल्ह्यात एवढा आकडा नाही."

पुढे जे घडलं त्याला योगशास्त्राची पदविका जबाबदार आहे. तो अभ्यासक्रम चालू राहायला पंधरा विद्यार्थी लागत होते आणि चौदाच मिळाले होते, म्हणून जूनमध्ये प्राचार्यांनी मॅडमचं नाव घातलं होतं. त्यामुळे मॅडमना विद्यार्थी क्रमांक होता. संगणकाने कॉलेजचे सगळे क्रमांक घेतले, उरलेली सुधारणा उतरत्या क्रमाने लावली आणि वरची बारा नावं जाहीर केली. पहिलं नाव जयश्री कणसे. सातवं निलोफर. ईश्वरी खरमाटे यादीच्या तळाशी होती, जिथे कागद संपतो तिथे.

मॅडमनी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला फोन लावला.

"माझं नाव चुकून आलंय. काढा."

"नाव काढता येत नाही, मॅडम," पलीकडचा आवाज म्हणाला.

"मग काय येतं?"

"वाढवता येतं. पण बारा झालेत."

"अहो, मी प्रशिक्षक आहे."

"होता. खेळाडूला प्रशिक्षक राहता येत नाही. नवा प्रशिक्षक कॉलेजातलाच नेमा. ज्यांच्यात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही असेच पात्र धरलेत. तुमच्याकडे आहे का कोणी शून्याच्या आसपास?"

मॅडमनी फोन ठेवला.

ईश्वरी तोवर घरी गेली होती. बूट तिने धुऊन, नाड्या काढून, पिशवीत घालून माळ्यावर टाकले होते. तिच्या आईला हे सगळं टायफॉइडसारखंच काहीतरी वाटलं आणि तिने मऊ भात टाकला. संध्याकाळी कणसे मॅडम दारात उभ्या.

"ईश्वरी, मला शिकव," त्या म्हणाल्या. चप्पलही काढली नव्हती.

"मॅडम, काय बोलताय. तुम्हीच शिकवलंय मला."

"मी सांगितलं गं. शिकलीस तू." मॅडम खुर्चीवर बसल्या. "मी खो-खोची. कॉलेजला बास्केटबॉलची बाई हवी होती, मला नोकरी हवी होती. आधीच्या सरांनी एक पुस्तिका ठेवली होती, त्यावरून शिकवत आले. खडूने पावलं काढायची, काठीने कोपर वर करायचं. पण अठ्ठावीस वर्षांत तुमच्यासमोर चेंडू रिंगकडे फेकला नाही. म्हटलं, कुणी बघितलं तर?"

"परवा सगळ्यांनी बघितलं."

"हो ना! आता भीती गेली." मॅडमच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ईश्वरीच्या आईने चहात साखर दोनदा टाकली. "ते पोरगं म्हणालं एकसष्ट. माझं एकसष्ट टक्के बाकी आहे गं, ईश्वरी. मला वाटलं होतं मे महिन्यात संपलं सगळं."

ईश्वरीच्या मनात आलं, माझं शून्य आहे आणि ही बाई माझ्या घरी येऊन आपला एकसष्टचा आनंद दाखवतेय. मग तिने मॅडमच्या हातांकडे बघितलं. बोटांची पेरं सुजली होती. शंभर चेंडूंनी सुजली होती, आणि मॅडम ती लपवत नव्हत्या, मिरवत होत्या.

"उद्या साडेसहाला या," ती म्हणाली. "सकाळी. उशीर झाला तर दोन चक्कर."

"तीन सांगायचे मी."

"तुमच्या वयाला सवलत."

"कसलीही सवलत नको मला," मॅडम म्हणाल्या आणि तीनवर ठरलं.

जानेवारीत ढवळवाडीत हळद निघते. उकडलेली हळद वाळवायला गावात सगळ्यात सपाट जागा कॉलेजच्या मैदानाची, त्यामुळे हंगामात अर्धं मैदान हळदीला आणि अर्धं बास्केटबॉलला अशी फार जुनी वहिवाट होती. खेळायला एकच रिंग उरायची. चेंडू पलीकडे गेला की पिवळा होऊन यायचा.

त्या अर्ध्या मैदानावर अकरा मुली कसून सराव टाळत होत्या. हा परिपत्रकाचा दुसरा परिणाम. सुधारलं की उरलेली सुधारणा कमी होते, आणि दहाच्या खाली गेलं की बाहेर. निलोफर मागे वळून, डोळे मिटून चेंडू फेकायची.

"निलू, काय करतेस?"

"सदतीस टिकवतेय, कोच. काल चुकून सलग तीन गेले. रात्रभर धास्ती."

"अगं, पण खेळायचं कसं सामन्यात?"

"समोरच्या कॉलेजात पण हेच चाललंय. माझी मामेबहीण आहे तिथे. त्यांची कॅप्टन चेंडूला नमस्कार करून बाजूला ठेवते म्हणे."

सराव करणारी मैदानात एकच होती. मॅडम सकाळी साडेसहाला यायच्या, तीन चक्कर मारायच्या आणि मग ईश्वरी सांगेल तसं करायच्या. त्या वाईट विद्यार्थिनी होत्या. प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायच्या. ईश्वरीला उत्तर यायचं नाही, कारण ती हे सगळं विचार न करता करत आली होती. मग ती स्वतः करून बघायची, मध्येच थांबायची, कोपर कुठे आहे, मनगट कुठे आहे ते शोधायची. मॅडम वहीत लिहून घ्यायच्या.

पण चेंडू जाईना. दरवेळी रिंगच्या डाव्या अंगाने बाहेर. सात आठवडे झाले.

"तुम्ही शिकवलं तसंच करताय ना? डावा पाय पुढे?"

"डावाच तर आहे. थांब, पुस्तिका दाखवते. मी रोज रात्री बघून झोपते."

पुस्तिका म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स होती, कडा तेलकट. पाचव्या पानावर चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं चित्र. डावा पाय पुढे, डावा हात चेंडूखाली. खाली आधीच्या सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हात ज्याचा त्याचा सोयीने. पाय चित्राप्रमाणे.' खेळाडूच्या छातीवर एक काळा डाग होता. ईश्वरीने चित्र नीट दिसावं म्हणून फोन धरला. फोन आपला आपण जुने कागद साफ करतो. त्याने कडा पुसल्या, डाग पुसला, आणि डागाच्या जागी बनियनवरचा आकडा निघाला. बारा. आरशात दिसतो तसा उलटा.

ईश्वरीने पुस्तिकेचं पान पालथं करून उजेडासमोर धरलं.

सरांनी कधीतरी ग्रंथालयातल्या पुस्तकावरून पातळ कागदावर चित्र गिरवून घेतलं असणार आणि झेरॉक्स काढताना तो कागद पालथा ठेवला असणार. एवढंच. मूळ चित्रातला खेळाडू उजव्या हाताचा होता आणि त्याचा उजवा पाय पुढे होता. ढवळवाडीच्या उजव्या हाताच्या सगळ्या मुली अठ्ठावीस वर्षं चुकीचा पाय पुढे टाकून खेळत होत्या. कंबर एकीकडे, खांदा दुसरीकडे. बाहेरची कॉलेजं याला 'ढवळवाडी स्टाइल' म्हणायची आणि त्यात काहीतरी गुपित असेल असं समजून घाबरायची.

ईश्वरीच्या डोक्यात हळूहळू दुसरी गोष्ट उतरली. यंत्र चुकलं नव्हतं. तिरक्या कमरेने चेंडू फेकून जेवढं चांगलं होता येतं तेवढी ती झाली होती. तिथे वर काही नव्हतं. पण तो एका टेकडीचा माथा होता. शेजारी दुसरी टेकडी आहे का हे यंत्राला कोणी विचारलंच नव्हतं. ती चढायची तर आधी ही उतरायला लागणार होती.

आणि परिपत्रकात अकरावं कलम होतं. हे तिने वाचलं होतं. शून्य आलेली माणसं कलमं वाचतात. 'प्रशिक्षणातील मूलभूत दोषामुळे खेळाडूची वाढ खुंटल्याचे सिद्ध झाल्यास तिला थेट संघात घेण्यात यावे, व संबंधित प्रशिक्षकाच्या सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा नोंदवावा.' मॅडमचं सेवापुस्तक अठ्ठावीस वर्षं कोरं होतं. शेवटच्या पानाला चार महिने राहिले होते.

तिने फोन खिशात घातला.

"मॅडम, आज उजवा पाय पुढे टाकून बघू."

"का?"

"असंच. गंमत."

मॅडमनी उजवा पाय पुढे टाकला. चेंडू सरळ गेला, रिंगच्या पुढच्या कडेवर बसला, विचार केला आणि आत पडला. दुसरा हुकला, पण सरळ हुकला. तिसरा आत. मॅडमनी चौथा फेकला नाही. त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या, मग पुस्तिकेकडे. ही बाई सात आठवडे प्रत्येक गोष्टीला "का?" विचारत होती. आता तिने विचारलं नाही.

मॅडम हळदीच्या कडेला, सिमेंटवर, बसल्या.

"तीनशे चोपन्न मुली," त्या म्हणाल्या. "हजेरीपट आहेत सगळे माझ्याकडे."

"मॅडम, त्या सगळ्या मजेत खेळल्या."

"तू एक्क्याण्णव मारतेस, असं वाकडं उभं राहून. सरळ उभी राहिली असतीस तर कुठे असतीस गं?"

"टायफॉइडमध्ये."

मॅडमना हसू आलं, आणि ते मध्येच दुसरंच काहीतरी झालं. ईश्वरी शेजारी बसली. काय करावं न कळून तिने मॅडमच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलींना बांधून द्यायच्या तशी, दुहेरी गाठ.

दुपारी मॅडमनी अर्ज लिहिला. दोष माझा, शेरा मला द्या, ईश्वरी खरमाटेला संघात घ्या. दोन दिवसांनी तो परत आला. अकराव्या कलमाचा अर्ज विद्यमान प्रशिक्षकाच्या सहीनेच करता येतो आणि श्रीमती कणसे या सध्या खेळाडू आहेत, असं वर लिहिलं होतं. विद्यमान प्रशिक्षक ईश्वरी होती.

"कर सही," मॅडम म्हणाल्या.

"नाही."

"ईश्वरी, तुझं शेवटचं वर्ष आहे."

"तुमचं पण आहे."

"मला काय फरक पडतो शेऱ्याने? चार महिन्यांची पाहुणी मी."

"मग मला काय फरक पडतो? मी पण तेवढ्याच महिन्यांची."

"हट्टी आहेस."

"तुम्ही शिकवलंय. हे मात्र नीट शिकवलंय."

निलोफर बाजूला उभी राहून ऐकत होती. "मी करू का सही?" ती म्हणाली. "माझं अक्षर कोणालाच ओळखू येत नाही." दोघी एकदम तिच्यावर ओरडल्या आणि वाद मिटला. अर्ज ईश्वरीने चार घड्या घालून वहीत ठेवला. सही केली नाही. त्या रात्री तिने बूट माळ्यावरून काढले आणि अंथरुणात पडून बराच वेळ छताकडे बघितलं. तिला सामना खेळायचा होता. अजूनही. ते काही गेलं नव्हतं.

चौदा फेब्रुवारीचा सामना, म्हणजे जो झाला नाही तो, शहरातल्या मोठ्या कॉलेजच्या मैदानावर होता. दोन्ही संघ उरलेल्या सुधारणेने ओसंडून वाहत होते. पहिल्या दहा मिनिटांत एकही गुण झाला नाही. चेंडू दोनदा प्रेक्षकांत गेला आणि एकदा प्रेक्षकांनी तो जास्त चांगला परत फेकला. जिल्ह्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन खेळाडू दोन्हीकडच्या बाकांवर प्रशिक्षक म्हणून बसल्या होत्या. पलीकडची उंच होती, तिच्याही कपाळावर टोपीचा वळ होता. ईश्वरीने तिला लांबूनच एक बोट गोल करून दाखवलं. शून्य? तिने मान हलवली. शून्य.

मॅडमना अडवायला कोणी तयार नव्हतं, ही आणखी एक अडचण. मॅडम चेंडू घेऊन आल्या की समोरच्या मुली बाजूला होऊन वाट द्यायच्या. एकदा मॅडम पडल्या. तर पाचही जणी धावल्या, त्यांना उचललं, गुडघा झटकला, आणि एक म्हणाली, "मॅडम, बसता का जरा? खुर्ची आणू?" पंचाला शिट्टी कशासाठी वाजवावी ते कळेना. त्याने एकदा अशीच वाजवली.

शेवटची बारा सेकंद. नऊ-आठ, मोठं कॉलेज पुढे. निलोफरने आपले सदतीस टक्के विसरून एक खराखुरा, सुंदर पास दिला. चेंडू मॅडमच्या हातात आला. मॅडम रिंगसमोर उभ्या राहिल्या आणि सवयीने, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने, डावा पाय पुढे टाकला.

"उजवा!" ईश्वरी ओरडली.

मॅडमनी पाय बदलला. गुडघे वाकले, कोपर वर आलं, मनगट शेवटी खाली लवलं. ईश्वरीला स्वतःच्या प्रत्येक चेंडूचं भविष्य हात सोडताना कळायचं. या चेंडूचं कळलं नाही. तो हवेत होता तेवढा वेळ तिला काहीच माहीत नव्हतं. तो आत पडला तेव्हा ती इतकी दचकली की बाकावरून खाली बसली.

मॅडम धावत आल्या, धावत म्हणजे त्यांच्या परीने, आणि त्यांनी ईश्वरीला उठवलं नाही. त्याही शेजारी खाली बसल्या.

"बघितलंस?" मॅडमनी विचारलं.

"बघितलं."

"तुला माहीत होतं जाणार?"

"नव्हतं, मॅडम. शप्पथ."

पलीकडच्या कॉलेजने तक्रार केली नाही. पण कुणीतरी काढलेलं चित्रण विद्यापीठाच्या इमारतींपर्यंत गेलं. समिती बसली. समितीने वयाची अट पुन्हा आणली, तीही तेरा फेब्रुवारीपासून, पूर्वलक्षी प्रभावाने, आणि चौदा तारखेचा सामना झालाच नाही असं समजावं असा आदेश काढला. सगळ्यांनी तसं समजायला सुरुवात केली. मॅडमचा गुडघा मात्र महिनाभर दुखत होता. त्याला आदेश पोचला नसावा.

ईश्वरीने दुसऱ्या दिवसापासून उजवा पाय पुढे टाकला. शंभरात एक्क्याण्णव मारणारी मुलगी शंभरात तेवीसवर आली. चेंडू कुठेही जायचा. एकदा हळदीच्या ढिगात रुतला, एकदा ग्रंथपालांच्या डब्यात. मॅडम कडेला बसून वहीतून वाचून दाखवायच्या, तिनेच त्यांना सांगितलेलं तिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पांढरे यंत्र परत न्यायला आला. जाता जाता दोघींनी त्याला आपल्या डोक्यांवर टोपी चढवायला लावली आणि पुन्हा शंभर-शंभर चेंडू फेकले.

"अडतीस," तो ईश्वरीला म्हणाला.

"म्हणजे तुमचं यंत्र चुकलं होतं?"

"नाही. ते त्या शॉटचं शून्य होतं. हा दुसरा शॉट आहे." पांढरेने मॅडमच्या आलेखाकडे बघितलं. "मॅडम, साठ. चार महिन्यांत एक टक्का कमी झालाय." मग पहिल्यांदाच त्याची पट्टी जरा हलली. "छान चाललंय तुमचं."

त्याच दुपारी ईश्वरीने पुढचा अर्ज लिहिला. हाताने, दोन प्रतींत, आणि पोच घेऊन दिला.

प्रति,
मा. कुलसचिव

विषय : श्रीमती जयश्री कणसे, शारीरिक शिक्षण संचालक, यांचे निवृत्तीचे वय वाढवून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, विद्यापीठाच्याच यंत्राने केलेल्या मोजणीनुसार श्रीमती कणसे यांची उरलेली सुधारणा साठ टक्के आहे. त्या दर चार महिन्यांना एक टक्का या वेगाने सुधारत आहेत. या हिशेबाने त्यांची सुधारणा पूर्ण होण्यास वीस वर्षे लागतील. त्या येत्या ३१ मे रोजी साठ वर्षांच्या होत आहेत. तरी त्यांचे निवृत्तीचे वय ऐंशी करण्यात यावे.

खेळाडूने प्रशिक्षकाशिवाय व प्रशिक्षकाने खेळाडूशिवाय सराव करू नये असा नियम आहे. सबब सदर वीस वर्षे मला तृतीय वर्षातच ठेवण्यात यावे. मी दरवर्षी आवश्यक त्या विषयात नापास होण्यास तयार आहे. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही.

हळदीचा हंगाम सोडून पूर्ण मैदान मिळाल्यास बरे होईल. न मिळाल्यास अर्धे चालेल.

कळावे,

आपली विश्वासू,
कु. ईश्वरी खरमाटे
तृतीय वर्ष, विज्ञान (चालू)